फोटोवरून फोटो

आई आत गेली ती वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. हॉलमध्ये ती पोरगी ट्रायपॉड लावून बसलेली, खिडकीचा पडदा अर्धा सरकवलेला, आईच्या शिलाई मशीनवरचं कापड तिने तीनदा नीट केलं आणि तीनदा परत विस्कटलं, कारण नीट केलेलं खोटं वाटत होतं म्हणे. "आजी, जशा असता तशाच बसा हं, काही बदलू नका," असं तिने आईला कमीत कमी चार वेळा सांगितलं होतं. आईने चारही वेळा मान हलवली आणि मग "थांब जरा, आयलेच" म्हणून जी आत गेली ती गेली. आतून ट्रंकेच्या कडीचा आवाज, मग डांबरगोळ्यांचा वास, मग बांगड्या. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पडदा बाजूला सारून आई बाहेर आली तेव्हा अंगावर गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात कालच्या पूजेतला गजरा, गळ्यात घरात होतं नव्हतं तेवढं सगळं सोनं, आणि लुगड्याखालून डाव्या गुडघ्यावर स्किन कलरची नी-कॅप.

पोरीचा चेहरा पडला. फार नाही, सभ्य होती बिचारी, पण मी बघितलं ना.

तिचं नाव इथे लिहीत नाही, सबमिशन बाकी आहे तिचं. माझ्या भाचीची मैत्रीण, घोडबंदर रोडच्या कुठल्यातरी पंचविसाव्या मजल्यावरून ठाण्यातल्या आमच्या चेंदणी कोळीवाड्यात आली होती, एमएच्या डिझर्टेशनसाठी. विषय काय तर सिनेमा, फोटोग्राफी आणि साहित्यात कोळी बाई कशी दाखवली जाते, आणि खऱ्या कोळी बायका स्वतःकडे कशा बघतात. तीन चॅप्टर दाखवण्याचे, एक बघण्याचा, आणि त्या चौथ्या चॅप्टरसाठी आठ मुलाखती आणि आठ फोटो. आमची आई सहभागी क्रमांक ५. फोटो "रोजच्या वावरातले" पाहिजेत असं तिच्या गाईडने बजावलेलं, कारण कॅलेंडरवरची, पोस्टकार्डावरची, जाहिरातीतली कोळीण तर सगळ्यांनी बघितलीय, पाटी डोक्यावर आणि हात कंबरेवर. हिला दाखवायची होती मॅक्सी घालून मशीनवर ब्लाउजला हुक लावणारी सत्तरीची बाई. मला ते फार पटलं होतं. म्हणजे मीच फोनवर तिला म्हटलेलं की ये, आमची आई एकदम तुझ्या थिअरीसारखी आहे, आयुष्यात एक मासा विकला नाही तिने.

आणि आई थिअरीच्या तोंडावर लुगडं नेसून उभी.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. दारातूनच समोरच्या वयनींना हाक, "पाटी हाय का गो?" वयनींकडे पाटी कुठली असायला, त्यांनी निळा प्लास्टिकचा टब आणून दिला. आईने तो उलटापालटा करून बघितला. "टब घेऊन काय कपडं धुवाला चाललंय?" म्हणाली आणि परत केला. मग रिकाम्या हातांनीच उभी राहिली, आधी हात कुठे ठेवायचे ते कळेना, मग एक कंबरेवर गेला. आपोआप. पोरीने फोटो काढले, भरपूर काढले, "मस्त, आजी, मस्त" म्हणत काढले, पण मला क्लिकच्या आवाजातसुद्धा तिची निराशा ऐकू येत होती. आणि मला आईचा राग आला होता, का ते त्या क्षणी धड सांगता आलं नसतं.

मुलाखत त्याआधी झाली होती, ती मात्र झकास. कॉलरला लावायचा छोटा माईक तिने आईच्या मॅक्सीला लावला आणि विचारलं, "आजी, तुम्ही तुमची आयडेंटिटी कशी डिफाइन कराल?" आई म्हणाली, आधार देऊ का पॅन? मग हसता हसता ती पोरगी स्वतःच लॅपटॉप उघडून आईला तिचे चॅप्टर दाखवायला लागली, आणि दोघी पाऊण तास डोक्याला डोकं लावून बसल्या. मी चहाच्या निमित्ताने आतबाहेर करत ऐकत होते. जुन्या मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक फोटोग्राफर होता, त्याने मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो काढून दोन भागांत अल्बम छापला, लंडनला, १८६३ आणि १८६६ मध्ये. गंमत अशी की त्यातली माणसं एकीकडे काढलेली आणि मागचा देखावा दुसरीकडे, मग दोन्ही जोडून एक फोटो. देऊळ, तलाव, वाडा, जिथे ती माणसं त्या वेळी उभीच नव्हती. पोरीने बोटाने झूम करून आईला कडा दाखवल्या, बघा आजी, इथे पायाजवळ कळतं. आईने चष्मा वर करून नीट बघितलं. "कातरीनं कापलेलं दिसतंय," म्हणाली, अगदी कामाची चूक दाखवावी तशी.

मग 'द पीपल ऑफ इंडिया', १८६८ ते १८७५ मध्ये निघालेले आठ खंड, सत्तावन्नच्या बंडानंतर सरकारला आपण कोणावर राज्य करतोय ते फोटोतून बघायचं होतं, साडेचारशेवर फोटो, आणि बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं. आई म्हणाली, मग बोलवायचे कसे यांना? पोरगी गप्पच झाली. हे तिच्या वहीत गेलं, मी बघितलं, तिने ते वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सिनेमाच्या चॅप्टरला आई जास्त रमली. फाळक्यांच्या १९१३ च्या पहिल्या सिनेमात तारामती झाले होते अण्णा साळुंके, पुरुष, त्याआधी हॉटेलात कामाला होते, कारण बाई मिळेचना. चारच वर्षांनी 'लंकादहन'मध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच. आईला हे इतकं आवडलं की तिने समोरच्या वयनींना खिडकीतून सांगितलं. आणि साहित्यात एक मल्याळी कादंबरी होती, 'चेम्मीन', १९५६ ची, तिच्यावरून सिनेमाही गाजलेला. त्यात कोळ्यांची अशी समजूत की नवरा समुद्रात असताना बायको किनाऱ्यावर चुकीची वागली तर समुद्र त्याला गिळतो. पोरगी हे जरा सांभाळून सांगत होती, आजींना वाईट वाटेल म्हणून. आई म्हणाली, "आमच्यात तसं असतं तर अर्धी चेंदणी कवाच बुडाली असती. नि बुडाला पानी तरी कुठं हाय खाडीला?" मी आतून ओरडले, आई, माईक चालू आहे. "असू दे," म्हणाली.

खाडीला पाणी नाही हे मात्र काही विनोदाने म्हटलेलं नाही. आमच्या आजोबांचं डोल होतं, म्हणजे जाळं, पिशवीसारखं, ओढीच्या पाण्यात बांधून ठेवायचं आणि भरती-ओहोटीने त्यात मासळी यायची. ते जाळं लावणारा म्हणून डोलकर. निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, बोय, हे सगळं मी लहानपणी ऐकलंय जास्त आणि खाल्लंय कमी, कारण मला कळायला लागेपर्यंत पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने जोरात होते आणि खाडीच्या माशाला रॉकेलसारखा वास यायला लागला होता. मग आजी पहाटेच्या गाडीने ससून डॉकला जायची, लगेजच्या डब्यातून माल आणायची आणि ठाण्याच्या मार्केटात बसायची. आणि तिची सून, म्हणजे आमची आई, लग्नाच्या पुढच्याच वर्षी वागळे इस्टेटमध्ये कंपनीत लागली. रेडिओचे पार्ट जोडायचे. कंपनी बंद पडेपर्यंत तेच केलं. आजीच्या हाताला म्हावऱ्याचा वास आणि आईच्या हाताला सोल्डरचा, आणि शाळेत मी दोघींपैकी कोणाचाही हात धरून जायला तयार नसायचे, लिंबू चोळून गेलं तरी.

आता विचार करते तर आईचे फोटो तरी किती. लग्नाचा एक, त्यात मुंडावळ्यांमागे चेहरा नाहीच. कंपनीचं आयकार्ड, त्यात अ‍ॅप्रन. रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, आधार, त्यात तर चोर पकडल्यासारखी. बाकी सगळे आम्हा पोरांना मांडीवर घेतलेले, म्हणजे फोटो आमचेच. लुगड्यातला एकही नाही. लग्नातही तिने शालू नेसलेला, आणि कंपनीत बेल्टजवळ काम म्हणून साडीपण वर खोचून वर अ‍ॅप्रन घालायची. हिरवं लुगडं आजीचं. ट्रंकेत तिच्या पश्चात राहिलं ते एकच.

लुगड्यावरून मला आठवते ती ड्रेपरी. ज्यांनी मराठी शाळेत गॅदरिंग केलंय त्यांना हा शब्द माहीत असणार. ८८ साल, मी सहावीत, गॅदरिंगला कोळी डान्स. कोळी डान्स नसलेलं गॅदरिंग महाराष्ट्रात झालंच नसेल. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने कपडे आले, शिवलेलं लुगडं, कमरेला इलॅस्टिक, गुलाबी सॅटिन, आणि पाटीत पुठ्ठ्याचे चंदेरी मासे चिकटवलेले. अख्ख्या वर्गात कोळी मी एकटी. आणि बाईंनी मला तिसऱ्या ओळीत टाकलं, कारण माझे हात वेगळेच जायचे. आमच्याकडे हळदीला बायका नाचतात तसे, ढिले, खांद्यातून. बाई म्हणाल्या, "अगं, कोळणी अशा नाचतात का? वल्हं मारल्यासारखं कर, असं." मी केलं. वल्हं मारल्यासारखं. आमच्यात वल्हं बाई मारत नाही, पण हे मी बोलले नाही, कारण बोलले असते तर मी कोण हे सगळ्या वर्गाला कळलं असतं. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं मी स्टेशनजवळ राहते. खोटं नव्हतंच ते. चेंदणी स्टेशनला लागूनच आहे, रुळाच्या या बाजूलाही चेंदणी आणि त्या बाजूलाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, चौदा डबे, चारशे पाहुणे, हे आम्हाला शाळेत पाठ. रुळाच्या कडेला तोंड उघडं टाकून बघत उभे राहिलेल्यांत आमचे कोणीतरी असणारच, तेवढं गृहीत धरते.

त्या डान्सचं गाणं कुठलं असणार, 'मी डोलकर'. शांता शेळक्यांचं, त्यांचा जन्म इंदापूरचा, म्हणजे समुद्राशी संबंध किती ते बघा. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायलंय लताबाईंनी आणि हेमंतकुमारांनी. यातलं एकही माणूस कोळी नाही. ती पोरगी यावर जरा तावातावाने बोलली, की बघा ताई, तुमचा आवाजसुद्धा दुसऱ्याने काढलाय. मी मान डोलावली, मला आवडतं असं बोललेलं. पण घरात गंमत अशी की आमच्या प्रत्येक हळदीला ते गाणं वाजतं, आणि बेंजोवाल्याने नाही वाजवलं तर आईच जाऊन त्याला सांगते. आजोबा खरे डोलकर, त्यांना ते गाणं लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. दर्याचा राजा वगैरे कोणी त्यांना आयुष्यात म्हटलं नव्हतं, सोसायटीचं कर्ज फेडण्यात जन्म गेला. इंदापूरच्या बाईंनी म्हटलं. आता यावर तावातावाने काय बोलणार.

तर त्या रात्री जेवताना माझा राग बाहेर आलाच. म्हटलं, आई, काय गरज होती? ती पोरगी एवढं सांगत होती, आहात तशाच. तुला तो कॅलेंडरवाला फोटोच पाहिजे होता का? कंबरेवर हात काय, गजरा काय. आपण काय ड्रेपरीवाले आहोत?

आई भात कालवत होती. कालवतच राहिली. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "तिचा लुगड्यातला एक पन फोटो नाय. म्हटलं लुगड्याचा तरी येऊ दे."

भिंतीवर आजी आहे. लॅमिनेशन केलेली, लाकडी पट्टीवर, चंदनाचा हार घातलेली. ९६ साली आजी गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो निघाला नाही. आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत होती, पुढच्या दोन बायकांच्या खांद्यांमधून नुसता चेहरा, तोही थोडा वळलेला. स्टेशन रोडला एका स्टुडिओबाहेर पाटी असायची, 'फोटोवरून फोटो काढून मिळेल'. बाबांना बाकीची धावपळ, म्हणून मला पाठवलं. मी तेव्हा कॉलेजात. स्टुडिओवाल्याने भिंग लावून बघितलं, म्हणाला चेहरा मिळेल, खांद्याच्या खाली काही मिळणार नाही, ते आपल्याकडचं लावतो. आपल्याकडचं म्हणजे त्याच्याकडे तीन-चार तयार धडं होती, बायकांची आणि पुरुषांची, त्यावर चेहरा बसवायचा आणि ब्रशने टचिंग करायचं. त्याने विचारलं, कसं नेसायच्या? लुगडं हवं असेल तर एक आहे, थोडं जुनं वाटेल. आणि मी म्हटलं, नको, साडीच लावा. चांगली. पदर दोन्ही खांद्यांवरून.

मी काही फार विचार करून म्हटलं नव्हतं. मैत्रिणी घरी येतील, भिंतीवर बघतील, एवढंच असेल. ज्या बाईला ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर लगेजच्या डब्यातून उतरताना बघून मी एकदा इंडिकेटरकडे बघत राहिले होते, तिला मी कोणा परक्या बाईच्या खांद्यांवर, निळसर आकाशासमोर, मऊ मोतिया साडीत बसवून आणलं. गळ्याची रेघ नीट बघितली तर अजून कळते. बाबा म्हणाले छान झालाय. आत्या रडली. आई तेव्हा काही बोलली नाही, खिळा ठोकायला तिने मला स्टूल धरायला सांगितलं, बस. तीस वर्षं होत आली. रोज सकाळी ती त्या फोटोसमोर उदबत्ती लावते, आणि मी सकाळी सात पन्नासची गाडी पकडते.

आणि दुपारी मी चहा देता देता जॉन्सनवर काय काय बोलले होते, बघा कसं माणसाला त्याच्या जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवायचे. त्या आल्बमच्या बरोबर वर, भिंतीवर आजी होती. आईने पायाजवळची कड बघून कातरीनं कापलेलं म्हटलं, तेव्हा तिने वर बघितलं होतं का, हे मी आता कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी आठवत नाही.

दोन दिवसांनी त्या पोरीला मी फोनवर हे सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, कबुली द्यायला माणूस लागतं बहुतेक. ती इतकी एक्साइट झाली, "ताई, हे मी घेऊ? हा तर अख्खा चॅप्टर आहे!" मी पटकन नाही म्हटलं, आणि नाही म्हटल्यावर वाटलं, आजीला परत एकदा फोटोतून बाहेर काढलं की काय. अजूनही ते ठरलेलं नाही. इथे लिहून टाकलंय म्हणजे तिने वाचलं तर तिच्यावर आहे.

गेल्या आठवड्यात तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि खालचा मजकूर पाठवला, सहभागींकडून तपासून घ्यायचा असतो म्हणे. तिने लुगड्यातलाच निवडला होता. नी-कॅप दिसते, कंबरेवर हात आहे, मागे शिलाई मशीन, आणि वरच्या कोपऱ्यात आजीच्या फ्रेमचा अर्धा हार आलाय, चेहरा नाही. आईने मोबाईल लांब धरून मजकूर वाचला, "सहभागी क्रमांक ५, वय ७१, निवृत्त कंपनी कामगार, पारंपरिक वेशात." पहिला प्रश्न, माझं नाव कुठाय? मी तिला समजावलं, रिसर्चमध्ये नाव घालत नाहीत, तुझ्या भल्यासाठीच. "माझ्या भल्याचं मना इचारलं कवा?" मी तसं कळवलं. त्यावर पोरीचा बराच वेळ टायपिंग, टायपिंग, मग आलं की कन्सेंट फॉर्मवर नाव छापायला हरकत नाही असा एक चौकोन आहे, तो गाईड सहसा भरू देत नाहीत पण मी विचारते. गाईड हो म्हणाले. आई स्वतः जिना उतरून झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट घेऊन आली आणि त्या चौकोनात एवढी मोठी खूण केली की ती रेघ बाहेर आली.

मग परत मजकूर मागितला. वेश हा शब्द तिला आवडला नाही. "येश काय, मी काय नाटकात हाय? लिही, सासूच्या लुगड्यात." मी लिहिलं. तिने वाचलं. "नि एकाहत्तर कशाला, सत्तर लिही. पुढल्या म्हयन्यात लागतंय एकाहत्तर."